होल, इलेक्ट्रॉन आणि जालन्याची एस.टी.

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याची गाडी सुटेपर्यंत बाबा खिडकीशी उभे होते आणि गाडीतल्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरगी पुण्याले चालली. दगडाचं शिकाले." मी त्यांना आदल्या दिवशी 'घनपदार्थांचं भौतिकशास्त्र' असं सांगितलं होतं, त्यातून त्यांच्या हाती दगड लागला होता. मागच्या बाकावरचे एक आजोबा लगेच म्हणाले, "मंग विहिरीले जागा दाखवशील का, माय?" मी पदराआड तोंड लपवलं. गाडी हलली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "नाही जमलं त लाजू नको. परत ये."

आणि जमेचना. एम.एस्सी.च्या वर्गात सर इंग्रजीतून फळा भरून टाकायचे, आणि नेमलेलं पुस्तक इतकं जाड, की उशाला घेतलं तर मान अवघडावी. मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा, म्हणून शंका विचारणंही बंद केलं. दिवाळीला जायचं ते कायमचं, असं ठरवून ट्रंक भरली.

ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेले, तिथं एक बारकं पुस्तक हाती आलं. लेखक शेजारी बसून बोलल्यासारखं लिहीत होता. समीकरण आलं की त्याची गरज का पडली ते आधी सांगायचा. उभ्याउभ्याच पहिलं प्रकरण वाचलं, आणि चक्क कळलं! ट्रंक रिकामी केली.

वसतिगृहाच्या खोलीत मी ते मोठ्यानं, आपल्या बोलीत स्वतःला समजावायचे. सेमिकंडक्टरमधला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, मला जालन्याच्या गाडीतच दिसला. "पुढची बाई उतरली, तिच्या जागी मागची सरकली, तिच्या जागी तिच्यामागची. बाया पुढं सरकून राह्यल्या, अन् रिकामी जागा मागं जाऊन राह्यली."

माझ्या बोलण्याला वर्गात सगळ्यात जास्त हसणारी कुसुम एकदा वही मागायला आली, ती दारातच उभी राहून हे ऐकत होती. "शी! काय बोलतेस!" म्हणाली. मग आत येऊन बसली. "परत सांग ना." परीक्षेपर्यंत ती रोज येत राहिली.

तोंडी परीक्षेला तिचा नंबर माझ्याआधी होता. दाराबाहेर मला सगळं ऐकू येत होतं. परीक्षकांनी होलविषयीच विचारलं. कुसुमनं इंग्रजीत झोकात सुरुवात केली, मधेच अडकली, आणि घाईघाईनं म्हणाली, "सर, बाया पुढं सरकून राह्यल्या..."

परीक्षकांनी तिला थांबवलं.

"कुठल्या तुम्ही?"

"सदाशिव पेठ, सर."

परीक्षक अकोल्याकडचे निघाले. "बरं," ते म्हणाले, "आता बायांच्या जागी इलेक्ट्रॉन बसवा अन् पुढं सांगा."

आम्ही दोघीही पास झालो.

तिकडे देऊळगावलाच राहिलेले तुम्ही सगळे मला आता 'पुण्याची बाई' म्हणता, माझं बोलणं ऐकून हसता. हसा. इतकी वर्षं मी हा विषय स्वच्छ पुणेरी मराठीत शिकवला. पण नवं, अवघड काही समजून घ्यायचं असलं की अजूनही खोलीचं दार लावून ते आधी वऱ्हाडीत स्वतःला सांगते. बाहेरून हे विचारतात, "माहेरचं कोणी आलंय का?"

मी म्हणते, "हाव."