टेबलाच्या टोकाची खुर्ची

गुन्वोर नऊ वर्षांची असताना बापाच्या थपडेनं तिचा डावा कान कायमचा गेला. दुधाची बादली लवंडली होती, एवढंच. आई, सिग्ने, मधे पडली तर तिची दोन बोटं मोडली. साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. पाद्रीबाबा म्हणाले, "भांड्याला भांडं लागायचंच," आणि कॉफी पिऊन गेले.

शेत थोरल्या अपत्याचं, हा नॉर्वेचा जुना कायदा. आता तो मुलींनाही लागू झालेला. अठ्ठाविसाव्या वर्षी गुन्वोरनं हक्क सांगितला. बापानं, तारयेईनं, मुकाट सही केली. त्याचा हिशेब सोपा होता: कागद पोरीचा, कारभार आपला.

रिवाजाप्रमाणे म्हातारा-म्हातारीनं अंगणापलीकडच्या छोट्या घरात जायचं. तिथं आई त्याच्या तावडीत एकटी सापडणार, हेच गुन्वोरचं काळीज कुरतडत होतं.

सामान हलवायच्या दिवशी दुपारी कोबीतलं मटण शिजलं. तारयेई जेवायला आला आणि दारातच थबकला. टेबलाच्या टोकाच्या, धन्याच्या खुर्चीवर गुन्वोर बसली होती.

"ऊठ तिथनं."

"न्हाई बा. रिवाज तुमचाच हाय. ज्याचं शेत, त्याची खुर्ची."

"बाईमाणूस धनी? कोंबडी आरवायला लागली म्हणायची!"

"आरवली. आन् दुसरं आयका. आय तिकडं येनार न्हाई. ती माज्या घरात ऱ्हाईल."

त्यानं चुलीजवळची लोखंडी सळई उचलली. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. डोळ्यात रक्त उतरलं. पण तिसऱ्या घावाला तिनं त्याचं मनगट धरलं. गाईंची अडलेली वासरं ओढून काढणारे हात ते. तिनं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं. हाड कडकन बोललं. म्हातारा गुडघ्यावर आला, तरी तिनं आणखी एकदा आपटलं. तिसऱ्यांदाही आपटलं असतं.

"बास," सिग्ने म्हणाली. "बास कर गं."

गुन्वोरनं मनगट सोडलं. आता आई त्याचीच बाजू घेणार, त्याच्यामागं जाणार. आजवर तेच होत आलं होतं.

सिग्नेनं डोक्याचा रुमाल फाडून नवऱ्याचं मनगट आवळून बांधलं. त्याला उठवलं, दाराबाहेर नेलं. "डॉक्टरला फोन करते. जा तिकडं, पड जा."

"आन् तू?"

सिग्नेनं आत येऊन कडी घातली, मोडक्या बोटांनी ती चाचपून पाहिली, मग फोन केला. फडकं ओलं करून लेकीच्या कपाळावर दाबलं आणि खेकसली,

"मटण थंड झालं की. जेव आता!"