शेवटच्या फेरीत बोलायचं नाही

ज्या कादंबरीवरून मी खेळ केला, ती मी शेवटपर्यंत वाचलेली नाही. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. खेळाच्या खोक्यावर ‘रूपांतर’ या शब्दापुढे माझं नाव छापलेलं आहे, आणि हे एवढंसं न सांगितल्यामुळे माझ्या वहिनीचं नाव तिथे येऊ शकलेलं नाही.

कादंबरी जुनी, इंग्रजीतली. आमच्या वाचनालयात तिचा जवळजवळ तितकाच जुना मराठी अनुवाद आहे. बेटावरचा बंगला, त्यात अडकलेली पाच माणसं, आणि माडीवरून रोज एक पायरी खाली उतरणारं काहीतरी. ते नक्की काय, हे लेखक सांगत नाही. मी ती कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो. भर दुपार, डोक्यावर पंखा, शेजारचे साहेब डब्यातली आमटी भुरकताहेत, आणि ते सातव्या पायरीवर आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडायचं धाडस झालं नाही. भीती वाटायला अंधार लागतो, असं मला तोवर वाटायचं.

पण तोपर्यंत वाचनालयाच्या रविवार मंडळात मी खेळ जाहीर करून बसलो होतो. पट, बारा पायऱ्या, पाच सोंगट्या. एकमेकांविरुद्ध खेळायचं नाही. सगळे एका बाजूला, पायरीवरचं ते दुसऱ्या बाजूला. वाचलो तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. ‘सहकारी खेळ’ असं मी म्हणालो आणि तिथेच चुकलो. निवृत्त मुख्याध्यापकांनी लगेच विचारलं, मग चेअरमन कोण?

आमच्या रत्नागिरीत ‘सहकारी’ म्हटलं की माणूस पतसंस्थेच्याच वाटेने विचार करतो. पहिला रविवार जिवंत माणसांचा अध्यक्ष निवडण्यात गेला. पाच मतदार, दोन उमेदवार, एक तटस्थ. दुसऱ्या रविवारी मागील मृत्यूचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. जीव म्हणून मी प्रत्येकाला पाच भाजलेले काजूगर दिले होते. हार्डवेअरवाल्या शेठनी संकट सुरू व्हायच्या आत स्वतःचे तीन जीव खाल्ले. जिन्याखालचं दार कोणी धरायचं यावर इतकी चर्चा व्हायची, की ते बिचारं बाराही पायऱ्या सावकाश उतरून खाली येऊन उभं राहायचं, आणि इकडे मुख्याध्यापकांचं ‘माझा मुद्दा थोडा वेगळा आहे’ चालूच. आम्ही दर रविवारी मरत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, मूळ पुस्तकात ही माणसं वाचतात तरी कशी?

पुढच्या रविवारी सांगतो, म्हणालो.

भाऊ जहाजावर असतो. आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच घरात. वाचनालयातलं एकही पुस्तक वहिनीने सोडलेलं नाही. ती मागच्या पडवीत रातांबे फोडत बसली होती. कोकमं घालायचे दिवस होते. मी म्हटलं, वाचून बरेच दिवस झाले, शेवट तुमच्याकडून पुन्हा ऐकावा म्हणतो.

“पुन्हा ऐकता?” तिने माझ्याकडे बघितलं. “बरं.”

दोन रातांबे फोडून झाल्यावर ती सांगू लागली. ते खाली येतं. पण कोणी पळत नाही. टेबलावर पाच ताटं असतात, तिथे सहावं मांडतात. प्रत्येक जण आपल्या ताटातलं थोडं त्यात वाढतो आणि जेवण होईपर्यंत कोणी अक्षर बोलत नाही.

“त्याला तेवढंच हवं असतं, भावोजी,” ती म्हणाली. “एक पान वाढलेलं, आणि समोर गप्प बसलेली माणसं. या घरात मला कळतं ते.”

मी त्यातून शेवटची फेरी केली. प्रत्येकाने एक जीव मधल्या ताटात ठेवायचा. एक शब्द कोणी बोललं की सगळे गेले. त्या रविवारी मुख्याध्यापक ओठ दाबून लालबुंद झाले होते, पण आम्ही पहिल्यांदा जगलो.

पुढे पुण्याच्या एका स्पर्धेत खेळाला बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, मूळ कृतीशी इतकं इमान राखणारं रूपांतर विरळा. सभागृहाने माना डोलावल्या. कादंबरी त्यांच्यापैकी कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. पण हे बोलायला मी कोण.

खोक्यावर कादंबरीतलं शेवटचं वाक्य छापावं म्हणून मी वाचनालयात गेलो. शेवटची सोळा पानं नव्हतीच. शिलाईचा दोरा तेवढा लोंबत होता. ग्रंथपाल म्हणाले, मी इथे नोकरीला लागलो तेव्हापासून हे असंच आहे.

म्हणजे शेवट वहिनीचा होता. आणि ‘पुन्हा ऐकावा म्हणतो’ म्हटल्याबरोबर तिला कळलं होतं, की मी तो कधी वाचलेलाच नाही. मी तिला काही विचारलं नाही.

महिन्याभराने वाचनालयात माझा सत्कार झाला. वहिनी ठेवणीतलं पातळ नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरून विचारलं, हा गप्प बसायचा शेवट सुचला कोणाला? सत्कार खरा त्याचा व्हायला हवा.

वहिनीचं नाव घ्यायचं तर कादंबरी वाचली नाही हेही सांगावं लागणार होतं. “मूळ लेखकाचाच आहे,” मी म्हणालो, आणि नारळ माझ्या हातात पडला.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. नाक्यापाशी म्हणाली, “बरा शेवट केलाय हो त्या लेखकाने.”

मी हं म्हटलं.

आता खोक्याची दुसरी छपाई आहे. तपासायला आलेली मुद्रिताची प्रत आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे; तीत माझं नाव आहे, तिचं नाही. माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत तिचं नाव, आणि वाचनालयाच्या त्याच व्यासपीठावर, ती समोर बसलेली असताना, शेवट तिचा आहे हे उभं राहून सांगणं: एवढं मी तिला देणं लागतो. यातलं अजून काहीच दिलेलं नाही.