रेव्हरंड डनमोर यांचा डावा खांदा

मिस व्हर्निस इस्त्री करत असल्या की त्यांना हाक मारून उपयोग नसे. खिडकीपाशी त्यांचं लांबट मेज, त्यावर दुमडलेलं घोंगडं, घोंगड्यावर पांढरी चादर. बाजूला पाणी शिंपडून सुरळी करून ठेवलेले शर्ट. इस्त्री ओल्या कापडावर टेकली की वाफ उठायची आणि त्या वाफेत त्यांचा चेहरा हळूहळू कुठेतरी निघून जायचा. मी समोरच्याच घरात वाढले. लहानपणी मला वाटायचं, या बाई उभ्या उभ्या झोपतात. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, तेव्हा एकदा धीर करून विचारलं.

"झोपत नाही गं, जोनेल," त्या हसून म्हणाल्या. "ज्याचा शर्ट असतो ना, तो माणूस दिसतो मला. त्याच्याबरोबर जरा हिंडून येते."

अठराव्या वर्षापासून त्यांनी हेच काम केलं. आमच्या कॅल्डर्स फेरी गावात, नदीच्या अंगाच्या खालच्या आळीत, कोणाचं लग्न असो की मयत, पांढरा शर्ट मिस व्हर्निसच्या हातून जायचा. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही. बोलताना मध्येच थांबायच्या, खिडकीबाहेर, अक्रोडासारखी फळं येणाऱ्या पिकनच्या झाडाकडे बघत राहायच्या आणि मग भलत्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करायच्या. आळीतल्या बायका म्हणत, "व्हर्निस इथे असते, पण रोज नाही."

अकरा वर्षं त्यांनी रेव्हरंड एल्बर्ट डनमोर यांचे शर्टही केले. आमच्याकडे हे नाव घेतलं की म्हातारी माणसं अजून टोपी काढतात. चौसष्ट साली, जेव्हा काळ्या माणसाने मतदार यादीत नाव घालायला जाणं म्हणजे नोकरीवर, घरावर, कधी जिवावर पाणी सोडणं होतं, तेव्हा दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता ते आमच्या लोकांना घेऊन, जिथे ही नावनोंदणी व्हायची त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहायचे. पहिल्या मंगळवारी सात माणसं होती. वर्षभराने पायऱ्या पुरेनात. रेव्हरंड एक्याऐंशी साली गेले.

त्यांचा पुतळा उभारायचा, असं नगरपरिषदेत निघालं ते सहा वर्षांपूर्वी. तेव्हा मिस व्हर्निस सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. रेव्हरंडची मुलगी कोरिन पुतळ्याच्या समितीची प्रमुख होती. उंच, करड्या केसांची, शब्द मोजून बोलणारी. मोबाइल नावाच्या शहरातून इमानी नावाची तरुण शिल्पकार आली. तिने फोटो गोळा केले आणि मातीचा नमुना करून वाचनालयात मांडला. पाच हात उंच माणूस, ताठ मान, रुंद सरळ खांदे, हातात पुस्तक.

सगळं गाव बघून आलं. सगळे बाहेर येऊन एकच म्हणाले, "छान आहे. पण हे रेव्हरंड नव्हेत."

"काय चुकलंय?" इमानी विचारायची.

"ते नाही सांगता येत."

नाक नीट होतं, कपाळ नीट होतं, मिशी तर केसागणिक नीट होती. तरी म्हातारी माणसं त्या नमुन्याभोवती फिरायची आणि ओळख चुकल्यासारखी ओशाळून निघून जायची. मी मिस व्हर्निसना घेऊन गेले. त्या लांबच उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चल."

मग भांडणं सुरू झाली. पुतळा कोर्टासमोरच्या हिरवळीवर असावा की नदीकाठच्या बागेत? दुकानदार म्हणत, बागेत न्या, चौकात गाड्या लावायला जागा नाही. आमची माणसं म्हणत, पायऱ्या चौकात आहेत की बागेत? चर्चमध्ये, न्हाव्याकडे, किराणा दुकानाच्या रांगेत, जिथे जावं तिथे पुतळा. शेवटी नगरपरिषदेने जाहीर सुनावणी ठेवली. ऑगस्टमधला एक दिवस, दुपारी चार वाजता. प्रत्येकाला तीन मिनिटं, वेळ संपली की घंटी.

सभागृहात पंखे फिरत होते, पण वारा कोणापर्यंत पोचत नव्हता. बायका चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होत्या. हार्डवेअरवाले मिस्टर हॅस्केल उठले. "माझा रेव्हरंडना विरोध नाही. माझे वडील त्यांना चांगलं ओळखत होते."

"ओळखत होते तर! दारातून हाकलायचे की!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मिस्टर हॅस्केल लाल झाले, घंटी वाजायच्या आधीच खाली बसले.

एक तरुण उठला. "गोऱ्यांच्या पोरांबरोबर आपली पोरं पोहू नयेत म्हणून या गावाने पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. तो अजून बुजलेलाच आहे. आधी तो उकरा. पुतळा काय पोहायला शिकवणार?" यावर टाळ्याही पडल्या आणि "बस खाली, पोरा" असंही झालं.

कोरिन उठली. "माझ्या वडिलांना या गावाने आयुष्यभर मान खाली घालायला सांगितली. त्यांनी घातली नाही. पुतळ्यात ते ताठच उभे राहतील, आणि पायऱ्यांसमोरच."

मग नगराध्यक्षांनी नाव वाचलं. "व्हर्निस टॉलिव्हर." मी चकित झाले. त्यांनी नाव दिलंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्या माइकपाशी गेल्या, दोन्ही हात त्याच्या दांड्यावर ठेवले आणि उभ्या राहिल्या. बोलल्याच नाहीत. पंखे फिरत होते. उंच खिडक्यांतून चारचं पिवळं ऊन तिरकं आत आलं होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. मिस व्हर्निस त्या उन्हाकडे बघत होत्या. पुढे त्यांनी मला सांगितलं, की त्यांना तिथे शर्ट दिसत होते, छतापासून खालपर्यंत टांगलेले, नुकते धुतलेले, अकरा वर्षांचे. वारा नसताना हलत होते. त्यांच्यामधून त्या चालल्या होत्या, एकेक बाजूला सारत, आणि हवा तो शर्ट काही सापडत नव्हता.

"मिस व्हर्निस, वेळ जातोय," नगराध्यक्ष हळूच म्हणाले.

घंटी वाजली. तेव्हा कुठे त्या जाग्या झाल्या. "त्यांची मान सरळ नव्हती," एवढंच म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. कोरिनचा चेहरा दगडासारखा झाला. मी त्यांना धरून जागेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमानी त्यांच्या ओसरीवर हजर. "मिस व्हर्निस, मी त्यांचे चाळीस फोटो पाहिले. सगळ्यांत त्यांचं डोकं जरा उजवीकडे कललेलं आहे. मला वाटलं फोटो काढणाऱ्यांकडे बघताना कललं असेल, म्हणून मी सरळ केलं. तेच चुकलं का?"

"चहा घे," मिस व्हर्निस म्हणाल्या, आणि बर्फ घातलेला गोड चहा तिच्या हातात दिला. "सांगेन. पण आधी कोरिनला सांगायला हवं. गोष्ट तिच्या घरातली आहे."

कोरिन आली ती रागातच. बसली नाही. "तुम्ही माझ्या वडिलांचे कपडे केलेत, मिस व्हर्निस, त्याचा मला मान आहे. पण भर सभेत तुम्ही—"

"त्यांचा डावा खांदा कसा होता, पोरी?"

कोरिनचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला. मग म्हणाली, "जरा खाली होता. लहानपणी पिकनच्या झाडावरून पडले होते. ती काय गावात सांगायची गोष्ट आहे?"

"झाडावरून पडले, असं तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. आईनेही."

मिस व्हर्निस उठल्या, आतून एक खोका घेऊन आल्या. त्यात पातळ कागदात गुंडाळलेला पांढरा शर्ट होता. डाव्या बाहीपासून गळ्यापर्यंत कात्रीने कापलेला. कापलेली कडसुद्धा इस्त्री केलेली होती. त्यांनी तो मेजावर पसरला आणि मग ज्या आवाजात सांगितलं, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अगदी हळू, पण न थांबता, न हरवता.

चौसष्ट सालचा जून महिना. एका मंगळवारी रेव्हरंडना एकट्यालाच आत बोलावलं. दोन तास लोक पायऱ्यांवर थांबले. मग ते बाहेर आले, कोट खांद्यावर टाकलेला, हसत. "पुढच्या मंगळवारी, नऊ वाजता," एवढं सगळ्यांना सांगून चालत घरी गेले. लोकांना वाटलं, आत नुसतं बोलणं झालं. मिस व्हर्निस तेव्हा धुतलेले शर्ट द्यायला त्यांच्या घरी गेल्या होत्या. दारात येताच रेव्हरंड भिंतीला टेकले. हात वर होईना, म्हणून शर्ट कापून काढावा लागला. तिकडे कोर्टात, तळघराच्या जिन्यात, दंडुक्याने खांद्याचं हाड मोडलं होतं.

"डॉक्टरकडे नेऊ म्हणाली तुझी आई. तर म्हणाले, नको. डॉक्टरला कळलं की गावाला कळेल. सात जणांचे आता कुठे चाळीस झालेत. हे कळलं तर मंगळवारी त्यांतला एक येणार नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, व्हर्निस, हा खांदा लोकांना सरळ दिसला पाहिजे. ते हाड तसंच जुळलं, वाकडं. मी कापसाची पातळ गादी शिवली आणि त्यांच्या प्रत्येक शर्टाला आतून टाकली. डाव्या खांद्याला. पुढची सहा वर्षं, त्यांचे शर्ट माझ्याकडे होते तोवर. कापूस बसला की नवा भरायचा. खांदा झाकला मी. पण तोल सांभाळायला डोकं उजवीकडे जायचं, त्याला मी काय करणार?"

कोरिन कापलेल्या शर्टाकडे बघत होती. "मला झाडाची गोष्ट किती वेळा सांगितली त्यांनी. मी पडेन म्हणून मला कधी झाडावर चढू दिलं नाही."

"ती गोष्ट खरी वाटावी म्हणून असेल."

"आणि आता तुम्ही म्हणता, त्यांना वाकडं करून चौकात उभं करायचं? त्यांनी स्वतः जे झाकलं ते?"

मिस व्हर्निस खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला वाटलं, गेल्या पुन्हा. पण नाही. "मी चोपन्न वर्षं हेच स्वतःला विचारतेय, बाळ. शब्द दिला होता. पण त्यांनी झाकलं ते पुढच्या मंगळवारसाठी. लोकांना धीर राहावा म्हणून. तो मंगळवार झाला. आता कोणाला तिथे घाबरत उभं राहायचं नाहीये. तू नको म्हणालीस तर हा शर्ट मी परत गुंडाळून ठेवीन. इमानी काही बोलणार नाही, जोनेल काही बोलणार नाही."

कोरिन खुर्चीत बसली. कापलेल्या शर्टाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग तशीच रडली. आवाज न करता, पाठ ताठ ठेवून. मिस व्हर्निसनी इस्त्री बाजूला सरकवली आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. इमानी ओसरीवर निघून गेली. मीही गेले.

कोरिननेच पुढे नगरपरिषदेत सगळं सांगितलं. सभागृहात कोणी पंखाही हलवला नाही. जागेवर मतदान झालं तेव्हा चार विरुद्ध तीन, पुतळा कोर्टासमोर. बुजवलेल्या तलावाचाही विषय त्याच बैठकीत विषयपत्रिकेवर घेतला. तो अजून विषयपत्रिकेवरच आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पुतळा उभा राहिला. कापड खाली आलं आणि पितळी माणूस दिसला, डावा खांदा खाली, डोकं किंचित उजवीकडे, जणू कोणाचं तरी हळू बोलणं ऐकतोय. पुढच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले. कोणी टाळी वाजवली नाही. एक जण फक्त म्हणाला, "आले." बाहेरगावचे लोक अजून पालिकेला पत्रं पाठवतात, तुमचा पुतळा एका बाजूला झुकलाय, दुरुस्त करा. कोरिन प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर लिहिते.

त्यानंतर कोरिन दर रविवारी चर्च सुटल्यावर मिस व्हर्निसकडे जेवायला यायला लागली. दोघी फारसं बोलत नसत. त्या सप्टेंबरात तिने त्यांना गाडीत घालून समुद्रावर नेलं. मीही बरोबर होते. मिस व्हर्निसनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तीन तासांच्या वाटेत त्या झोपूनच होत्या, डोकं काचेला टेकून. पोचलो तेव्हा आकाश आणि पाणी एकाच करड्या रंगाचे होते, कुठे काय संपतं कळत नव्हतं. त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट घडी करून बुटात ठेवले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट यायची, पायाखालची वाळू घेऊन जायची, आणि त्या थोड्या थोड्या खाली जायच्या.

"मिस व्हर्निस, थंड आहे का पाणी?" कोरिनने काठावरून विचारलं.

मिस व्हर्निस त्या करड्या रंगाकडे बघतच राहिल्या. कोरिनने पुन्हा विचारलं नाही. तिनेही बूट काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.