भागूजीला चिकटवलेला शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. एकवीस वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

तेव्हा वेल्ह्याच्या बाजूला रस्त्याची मोजणी चालली होती आणि मी मोजणीच्या गोऱ्या साहेबाचा कारकून होतो. चार बुकं इंग्रजी शिकलेलो — मग माझा तोरा काय विचारता! साहेब त्याच्या एका बड्या घरच्या मित्राला 'कॅड' म्हणायचा. मी अर्थ विचारला. पूर्वी हलक्या घरच्यांना म्हणत, तो म्हणाला. आता जो हलकं वागतो त्याला, मग तो लाटसाहेबाचा मुलगा का असेना. मी शब्द वहीत टिपला. पुढं अर्थ लिहायचा राहून गेला.

आणि मग ती दुपार. तिपाईवरची दुर्बीण माझ्या धक्क्यानं पडली, काच फुटली. नोकरी जाणार होती, बायकोचे दिवस भरत आले होते — पण ते राहू द्या. जवळच भागूजी धनगराची मेंढरं चरत होती. मी साहेबाला सांगितलं, मेंढरांनी पाडली आणि धनगर पळाला.

"कॅड!" साहेब म्हणाला.

गावचे पाटील तिथंच उभे होते. त्यांनी मला विचारलं, "सायेब काय म्हनलं, भाऊसायेब?"

खरा अर्थ कसा सांगणार? हलकं वागणारा तर मीच होतो ना? मी म्हणालो, "हलक्या कुळीचा, असं म्हणाले."

साहेबाचाच शब्द तो, गावानं खरा मानला! दरसाल खतासाठी गाव भागूजीची मेंढरं शेतात बसवायचं आणि त्याला धान्य द्यायचं. त्या साली कुणी बसवली नाहीत. पोरंबाळं घेऊन तो पार किकवीपर्यंत रान मागत फिरला.

इकडं मला मुलगी झाली आणि बायकोला दूध उतरेना. भागूजी परतला होता. त्याला कुठून कळलं कोण जाणे — रोज सकाळी त्याची बायको शेळीचं दूध दारात आणून द्यायची. चार महिने. एकदा तो स्वतः आला.

"म्या बगितलं व्हतं, भाऊसायेब. दुर्बीण तुमीच पाडली."

"मग हे दूध कशाला?"

"प्वार कुठं आली व्हती दुर्बीण पाडाया?"

एवढं ऐकूनही मी गावाला खरं सांगितलं? नाही. पुन्हा त्याची मेंढरं तिथं कधीच बसली नाहीत. भागूजी गेल्या साली वारला, नसरापूरच्या पुढं, परक्या रानात.

माझी मुलगी त्या दुधावर जगली. आता तिच्या कडेवर तिचं मूल आहे. त्याला पाहिलं की त्या दोघा नवराबायकोच्या आठवणीनं माझे डोळे भरून येतात. इतकं चांगलं माझ्याशी कुणीच वागलं नाही.

ती वही अजून आहे. काल त्या शब्दापुढं मी माझं नाव लिहिलं.