उघडा फिल्टर आणि माळशेजचा चढ

“दादा, नवा फिल्टर टाकलाय, तरी घाटात गाडी दमते. असं कसं?”

वसंतानं इंजिन बंद केलं. सायलेन्सर तापून टकटक वाजत होता. माळशेज घाटाच्या अलीकडं, टोकावड्याला रस्त्यावरच माझं टू-व्हीलर गॅरेज होतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पोरांना गाडीला काहीतरी लावायचं वेड लागलं होतं, पण वसंत त्यातला नव्हता. मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर होता, लग्न झालेला, शांत माणूस.

मी वाकून पाहिलं. कंपनीचा एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा गायब. त्याच्या जागी कार्बोरेटरच्या तोंडाला लाल रंगाचा उघडा, शंकूसारखा फिल्टर.

“कुठनं आणलास?”

“कल्याणहून. दुकानवाला बोलला, इंजिनाला मोकळी हवा भेटली की पिकअप वाढतो.”

“वाढला?”

“सपाटीला वाढल्यासारखा वाटतो. आवाज तर असला येतो! पण घाटात नाय.”

मी प्लग काढला. टोक पांढरंफटक होतं. चांगल्या इंजिनाचा प्लग विटकरी दिसतो. पांढरा म्हणजे इंजिन उपाशी. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो आणि किती मिसळायचं ते त्यातल्या बारीक भोकाच्या जेटवर ठरतं. तो जेट कंपनीनं त्या डब्याचा हिशेब धरून बसवलेला असतो. डबा काढला की हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच. याला आम्ही ‘लीन’ म्हणतो. वर हा उघडा फिल्टर तापलेल्या इंजिनाशेजारचीच गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे जोर आणखी कमी.

हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मीही कधी ताडून पाहिलं नव्हतं. म्हटलं, “चल, घाटातच बघू.”

एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. वसंतानं गुरुवारी हाफ डे टाकला. पिशवीत जुना डबा आणि पाने घेऊन मी मागे बसलो. वैशाखरे मागे टाकून घाटाच्या पायथ्याला थांबलो. तिथून बोगद्यापर्यंत एकदा उघड्या फिल्टरवर चढलो. खाली आलो, इंजिन थंड होऊ दिलं, डबा बसवला आणि पुन्हा चढलो. चालवणारा तोच, मागे बसणारा तोच. मी घड्याळ बघत होतो.

डबा लावून आम्ही आधी पोचलो. फार नाही, थोडंच. पण तिसऱ्या गिअरमध्ये जिथं गाडी मघाशी गुदमरली होती, तो चढ तिनं सहज ओढला.

“पण दादा, मघाशी तर जास्त जोरात वाटली.”

“कानाला वाटली. डबा आवाज दाबतो. तो काढला की हवा ओढायचा आवाज थेट कानात येतो आणि माणसाला वाटतं, गाडी उडतेय. रेसच्या गाडीत सगळंच बदलतात, तिथं फायदा होत असेल. तुझ्या गाडीला नाय. चल, हाच डबा राहू दे.”

वसंत बोगद्याजवळच्या कठड्यावर बसला आणि पलीकडं बघत राहिला.

“दादा, फिल्टर परत लाव.”

“अरे, आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत...”

“सुनंदा घाटापलीकडं नर्स आहे, तुला माहीत आहे. पोरगी तिच्याकडंच. दर गुरुवारी ड्युटी सुटली की निघतो. लवकर पोचावं म्हणून हा फिल्टर टाकला. मी पोचेपर्यंत पोरगी जेवून झोपलेली असते. शुक्रवारी दिवसभर अंग चोरते, आईच्या मागं लपते. संध्याकाळी कुठं मांडीवर येते, तर माझी निघायची वेळ.”

“मग?”

“मागल्या गुरुवारी उशीरच झाला. पण गाव यायच्या आधी वळण आहे ना, तिथनं हा आवाज घरात ऐकू गेला. सुनंदा बोलली, पप्पा आले. पोरगी उठली. दारात उभी होती रे. पयल्यांदाच.”

मी पाना हातात घेऊन उभा होतो. बदलीसाठी त्याच्या बायकोनं किती खेटे घातले होते ते मला ठाऊक होतं. जिल्हा वेगळा, त्यामुळं काम अडलेलं.

मी फिल्टर परत लावला. घाट उतरून गॅरेजवर आलो, कार्बोरेटर उघडला आणि एक नंबर मोठा जेट टाकला, म्हणजे इंजिन उपाशी मरणार नाही. फिल्टरवर फोमचं कव्हर चढवलं. सांगितलं, “धूळ आत जाईल, दर आठवड्याला साफ करायचं. पेट्रोल जास्त खाईल. स्पीड काय वाढणार नाय.”

“चालेल,” तो म्हणाला आणि किक मारली. दिवस अजून बराच होता. तो वैशाखऱ्याकडं वळला, दिसेनासा झाला, तरी गाडी ऐकू येत होती. मी ती ऐकू येईनाशी होईपर्यंत रस्त्यातच उभा राहिलो.

दोन पावसाळ्यांनी सुनंदाची बदली मुरबाडला झाली. तोवर धुळीनं पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. मी इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, जुना डबा आणि जुना जेट बसवला. गाडी पहिल्यासारखी गुपचूप चालू लागली.

उघड्या फिल्टरनं साधी गाडी पळत नाही, हे मी आजही सांगतो. फक्त आधी विचारतो, कशासाठी लावलाय.