पहिला कौल

पुतळीचं मला कधीच पाहवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले तर ते किती कष्टानं लिहिलेत हे कळेल.

कर्नाटकातल्या कुंभारवाडा गावाजवळच्या आमच्या वाडीत सात घरं. तिचं घर माझ्या घराच्या खालच्या अंगाला, मधे एक भाताचं शेत. मी अंगणवाडीत शिकवते, कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिते-वाचते. पुतळी चौथीत शाळा सोडून रानात गेली ती अजून रानातच आहे. भात लावते, कंद खणते, रोपं लावायच्या कामाला जाते. हेवा करावा असं तिच्याजवळ काहीच नाही, एक सोडून. तिला गाढ झोप लागते.

माझ्या नवऱ्याला रामनगरहून यायला अर्धा तास उशीर झाला की माझ्या डोळ्यांपुढं त्याची मोटारसायकल दरीत पडलेली असते. आमच्या एकुलत्या एका नेत्राला शिंक आली तरी माझा जीव टांगणीला. आणि पुतळी? तिच्या नवऱ्याला, तुकारामला, अस्वलानं खांद्यापासून कोपरापर्यंत फाडलं, सतरा टाके पडले. तो घरी आला आणि आठव्या दिवशी ही बाई टोपली घेऊन त्याच रानात!

मी कुंपणाशी उभी राहून विचारलं, "पुतळे, भ्या वाटत न्हाई तुला?"

"देव हाय की, अक्का," म्हणाली आणि चालू लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देव काय हिच्या एकटीचा आहे? सोमवार मी धरते, उळवीच्या जत्रेला दरवर्षी मी जाते, गावदेवाच्या देवळात समई माझी. आणि तो जाऊन बसलाय हिच्या टोपलीत.

चार वर्षांमागं तिची सुमंगला आणि माझी नेत्रा एकदमच बारावी झाल्या. दोघींना कारवारला नर्सिंगला जागा मिळाली. आमच्याकडे घरातलं कुणी लांब राहायला जायचं म्हणजे गावदेवाचा कौल घेतात. पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे गप्प बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आधी पुतळीनं लावला. पाऊण तास पाकळी हलेना. ही मांडी घालून बसलेली. एकदा तर चक्क जांभई दिली. शेवटी उजवी पडली. नमस्कार करून उठली ती थेट मुलीची पिशवी भरायला गेली.

माझ्या वेळी पुजारी गोपाळमामांचं गाऱ्हाणं संपतंय तोवर उजवी पाकळी खाली. पुतळीपेक्षा लवकर! आधी मला तेवढाच आनंद झाला. मग मनात आलं, इतक्या लवकर कशी? वारा असेल. पाणी कमी लागलं असेल.

"गोपाळमामा, आणि एकदा लावा. खात्रीला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण लावला. उजवी. मी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. उजवीच.

"आता पुरे बाये," ते म्हणाले. मी हातापाया पडले. चौथ्या खेपेला डावी पडली आणि मला हायसं वाटलं. घरी येऊन मी नेत्राला सांगितलं, "देव न्हाई म्हणतोय."

ती दोन दिवस जेवली नाही. मग माझ्याबरोबर अंगणवाडीत येऊन भाजी चिरू लागली. देवापुढं ती काय बोलणार?

सुमंगला शिकली. दांडेलीच्या एका दवाखान्यात लागली. सुट्टीला आली की वाडीतल्या सगळ्यांचं बीपी तपासते. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून म्हणाली, "काकी, लई काळजी करतासा व्हय?" ते यंत्र उचलून शेतात भिरकावावंसं वाटलं. माझ्या मागं नेत्रा उभी होती, हातात चिरायची विळी. आणि दारात पुतळी. ती मिरवत असती तर मी तिला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती नेत्राकडे पाहत होती, माझ्यापेक्षा मायेनं.

यंदा नेत्रानं मला न सांगता पुन्हा अर्ज भरला. पुन्हा जागा मिळाली. "आई," ती हळूच म्हणाली, "परत कौल लावूया?"

मी शेत ओलांडून पुतळीकडे गेले. ती कंद सोलत होती.

"एकदाचं सांग गं," मी म्हणाले, "तुला भ्या कसं वाटत न्हाई?"

"कोण म्हणतंय न्हाई वाटत?" तिनं वर पाहिलं. "सुमंगला गेली त्या दिशी घास उतरला न्हाई माझ्या गळ्याखाली. अजून बी भ्या वाटतंय."

"मग?"

"मग काय? इचारलं, त्यानं सांगितलं. फुडचं त्यानं बघायचं. मी रोज उठून तेच इचारत बसलो तर तो म्हणंल, हिचा माझ्यावर इश्वासच न्हाई."

माझ्या चार कौलांचं तिला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. गोपाळमामा बोलणारे नव्हेत. पण तिथं बसवेना. इतकी वर्षं मी हिच्या धिटाईवर जळत होते, आणि धिटाई हिच्याकडेही नव्हतीच.

घरी आले आणि नेत्राला सांगितलं, "पहिला कौल उजवा होता."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "आणि दुसरा?"

"उजवा."

"तिसरा?"

"उजवा."

ती उठून आत गेली. माळ्यावरची ट्रंक ओढल्याचा आवाज आला. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी फाट्यावर बस आली तेव्हा ती आधी पुतळीच्या पाया पडली, मग माझ्या. जळलं माझं काळीज, खोटं कशाला बोलू? पण तिचा हात मी सोडला.

बस वळणाआड गेली आणि भीती आली, होती तेवढीच. फाट्यावरून देवळाची वाट फुटते. गोपाळमामा पूजेला बसले असणार, फुलं ताजी असणार. माझे पाय चार पावलं तिकडे गेलेसुद्धा.

मग मी थांबले आणि तिथूनच हात जोडले. म्हटलं, तीनदा हो म्हणालास. ऐकलं मी. आता तू सांभाळ.