घरी गेलेला मेसेज

लातूरच्या एका क्लासच्या संचालकांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून एका मुलीला.

मी समुपदेशक. नांदेडला राहते, आठवड्यातून एकदा लातूरला जाते. मुलीवर जीव जडलेली मुलगी, मुलावर जडलेला मुलगा, अशी लेकरं एकटी कुढत बसतात. ती आजारी नाहीत, त्यांना ऐकून घेणारं माणूस पाहिजे, हे कॉलेजांना आणि क्लासवाल्यांना पटवत फिरणं हेच माझं काम. देवणीच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवणाऱ्या बापाची मी लेक. पटवणं मला जमतं.

संचालक म्हणाले, "ताई, तो विषय फलकावर नको. 'अभ्यासाचा ताण' लिहू."

"लिहा. पण खोलीला दार पाहिजे, आणि कोण आलं ते घरी कळता कामा नये."

"शब्द दिला."

मी कागदावर घेतलं नाही. बापाच्या धंद्यात शब्दच चालायचा.

एक मुलगी तीनदा आली. गाव सांगत नाही. होस्टेलवर एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीबद्दल बोलायची. तिसऱ्या वेळी हसलीसुद्धा. चौथ्या आठवड्यात ती आली नाही, तिच्या वडिलांचा फोन आला.

"बाई, क्लासचा मेसेज आला, पोरगी तास बुडवून तुमच्याकडं येती म्हणून. दरडावलं तवा समदं बोलली. कशाचा इलाज करून राहिल्या तुम्ही?"

"इलाज नाही दादा, ती आजारीच नाही. तिला मारू नका, एकटी ठेवू नका. तुम्ही दोघं या, बोलू."

फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

पोर तासाला दिसलं नाही की या क्लासमधून घरी कारणासकट मेसेज जातो. मला ते ठाऊक होतं. शब्द दिलाय म्हणजे माझ्याकडं येणाऱ्यांपुरता तो थांबवला असेल, असं धरून चालले. चुकले.

संचालकांना जाब विचारला. ते हसले. "लई तापता ताई. पालक आमचं गिऱ्हाईक हाय, तुम्ही न्हाई. पाहिजे तर मोठी खोली देतो."

मागच्या महिन्यात नांदेडच्या एका सभेत संवेदनशील संस्थाचालक म्हणून त्यांनाच शाल पांघरली गेली. मी तिसऱ्या रांगेत होते. उठले. माईक कुणी दिला नाही, तशीच ओरडले,

"तुमच्या शब्दावर एक मुलगी माझ्यापाशी बोलली. आज ती कुठं आहे, कशी आहे, मला कळत नाही. तिच्या घरी जाऊन, चूक आमची होती, तिची नव्हती, हे कोण सांगणार? शाल खाली ठेवा आणि बोला."